लोलाच्या मागे न धावण्याबद्दल

वोल्फ्सबुर्ग
५ जानेवारी २००६

प्रिय आत्माराम,

तुला आणि वहिनींना नमस्कार, आणि तुझ्या दोन्ही गुडघ्यांना वेगवेगळा नमस्कार, कारण त्यांचं आता आपापसात पटत नाही असं तू गेल्या पत्रात लिहिलं होतंस. उजव्याला तेल आणि डाव्याला शेक हा डॉक्टरांचा सल्ला चालू ठेव, उलटं करू नकोस. माझी प्रकृती ठणठणीत आहे. (कालपर्यंत सर्दी होती. ती कशी झाली हे सांगायलाच हे पत्र लिहितोय, तेव्हा चष्मा पुसून नीट बस.) मिरजेत थंडी पडली असेल. इथेही पडली आहे, फक्त इथली फावड्याने उचलून बाजूला करावी लागते.

कपिलने कुत्री पाळली आहेत हे मी तुला फोनवर सांगितलं होतं. कसली ते सांगितलं नव्हतं, कारण फोनवर ते तुला पटलं नसतं. ग्रेहाउंड म्हणतात त्यांना. कमरेएवढी उंच, आणि इतकी बारीक की बाजूने दिसतात पण समोरून बघितलं तर नुसतं नाक दिसतं. आपण एस.टी.त जन्म काढला, डेपोच्या आवारात किती कुत्री पाहिली, पण स्वेटर घालून फिरायला जाणारी, आणि पाऊस दिसला की दारातूनच परत फिरणारी कुत्री मी प्रथमच पाहतोय. दोन्ही दत्तक आहेत. इथे त्यासाठी संस्था आहेत. त्यांची माणसं आधी घरी येऊन कुंपणाची उंची बघून जातात आणि घरच्यांना प्रश्न विचारतात. (कपिलच्या लग्नाच्या वेळी शिवांगीच्या वडिलांनी आपल्याला इतके विचारले नव्हते.)

थोरला गुस्ताव. आयर्लंडमध्ये शर्यतीत पळायचा, आता निवृत्त. निवृत्तीनंतर वेळ कसा घालवावा हा तुम्हा-आम्हाला पडलेला प्रश्न त्याला शिवलेला नाही. दिवसभर सोफ्यावर चारी पाय वर करून पडलेला असतो आणि मी शेजारी टेकलो तर माझ्याकडे असं बघतो की मीच उठून खुर्चीवर जातो. मी त्याला गुस्तावराव म्हणतो. धाकटी लोला. ती स्पेनची. तिकडे सशांच्या शिकारीला अशी कुत्री ठेवतात आणि हंगाम संपला की काही जण ती सोडून देतात. ही रस्त्याच्या कडेला सापडली. तिला कशाची भीती वाटते यापेक्षा कशाची वाटत नाही हे सांगणं सोपं आहे. छत्री उघडली की भीती, कपिल शिंकला की भीती, मी पेपरचं पान उलटलं की भीती. कुकरच्या शिट्टीला ती न्हाणीघरात जाऊन लपायची, म्हणून शिवांगीने कुकर बंद केला. आमटीची डाळ आता पातेल्यात शिजते, म्हणजे सकाळी ठेवली तर जेवायला होते.

त्यात नाताळ आला. या दिवसांत कुत्र्यांना जपावं लागतं म्हणून शिवांगीने घर पालथं घातलं. झाड दोरीने भिंतीला बांधलं. लाल पानांची कुंडी भेट आली होती ती शेजारी दिली. चॉकलेट वरच्या कपाटात गेलं, आणि मी मिरजेहून आणलेला चिवडाही त्यात बेदाणे आहेत या आरोपावरून तिकडेच गेला. (बेदाणे कुत्र्यांना बाधतात म्हणे. मला बाधत नाहीत हे मी सांगून पाहिलं.) पण खरी धास्ती एकतीस डिसेंबरची होती. त्या दिवशी इथे फटाके उडवायला परवानगी असते, आणि एरवी रविवारी भिंतीत खिळा ठोकू न देणारे हे लोक त्या एका दिवशी वर्षभराचं उट्टं काढतात.

आता मुख्य गोष्टीआधी एक सांगायला हवं. सरला गेल्यावर कपिल मला इकडे घेऊन आला हे तुला माहीत आहे. तिकडे श्रावणात काय झालं होतं तेही तू पाहिलंस. जो येई तो समोर बसे, कसं झालं विचारी, डोळे पुसे, आणि मी त्याला पाणी आणून देई. इथे आल्यावर मला वाटलं, निदान सून विचारील. शिवांगीने एका शब्दाने काही विचारलं नाही. सकाळी मी खिडकीशी बसलो की ती चहाचा कप माझ्या हाताशी ठेवायची आणि निघून जायची. जेवण ठरल्या वेळी. संध्याकाळी ती त्याच खोलीत पुस्तक घेऊन बसायची, पाठ माझ्याकडे. मी मनात म्हणायचो, मुलगी सुगरण आहे, हुशार आहे, पण थंड आहे. कपिललाही एकदा मी तसं सुचवलं. तो म्हणाला, "बाबा, आल्झो, तसं काही नाही," आणि लॅपटॉप उघडला. (आल्झो म्हणजे आपलं 'म्हणजे बघा'. त्याच्यापुढे इथेही काही येत नाही.)

तर एकतीस तारखेला सकाळी शिवांगीची दाढ दुखायला लागली. दुपारपर्यंत गाल सुजला. सुट्टीच्या दिवशी उघडा असलेला दातांचा डॉक्टर ब्राउनश्वाइगला मिळाला, आणि कपिल तिला घेऊन निघाला. गालावर हात धरून, अर्ध्या तोंडाने ती मला सांगत होती, "बाबा, आम्ही अंधाराआधी येतो. तोवर पुढचं दार उघडायचं नाही. बेल वाजली तरी नाही. आणि चुकून लोला बाहेर गेलीच, तर तिच्या मागे अजिबात धावायचं नाही. हाका मारायच्या नाहीत. सावकाश जायचं आणि तिच्याकडे पाठ करून खाली बसायचं."

"पाठ करून?"

"हो, पाठ करून. ती घाबरलेली असते तेव्हा कुणीतरी आपल्याला धरायला येतंय एवढंच तिला दिसतं."

मी म्हटलं, काळजी करू नकोस. मी तर धुळे मुक्कामी गाडी सांभाळली आहे, ही दोन कुत्री काय.

ते गेले आणि बेल वाजली. काचेतून पाहिलं तर शेजारच्या फ्राऊ बेरेन्स, हातात ताट. या बाई माझ्याच वयाच्या, एकट्या राहतात. त्यांना मराठी येत नाही, मला जर्मन येत नाही, आणि इंग्रजी दोघांनाही एकमेकांपुरतं येत नाही. ताटात जॅम भरलेले गोल वडे होते, वरून पिठीसाखर. ते या दिवशी खायची इथे पद्धत आहे. आता आत्माराम, तूच सांग. म्हातारी बाई बर्फातून ताट घेऊन दारात उभी आहे, आणि मी काचेआडून हात हलवून जा म्हणू? माझ्याच्याने झालं नाही. मी दार उघडलं, आणि थोडंथोडकं नाही, आपल्याकडे उघडतो तसं सताड उघडलं, आणि म्हटलं, "या, या, बसा."

त्याच क्षणी कोपऱ्यावर कुणीतरी फटाका लावला. माझ्या मांडीला घासून काहीतरी वाऱ्यासारखं गेलं, बेरेन्सबाई गोल फिरल्या, ताट पायरीवर पडलं, आणि रस्त्याच्या टोकाला एक पिवळट ठिपका दिसला न दिसला तो नाहीसा झाला. गुस्तावराव सोफ्यावरून उठले, दारापर्यंत आले, आणि शांतपणे वडे खाऊ लागले. मी त्यांना आत ढकलून दार ओढलं आणि तसाच निघालो. अंगात स्वेटर, गळ्यात मफलर, डोक्यावर कानटोपी आणि पायात घरातल्या सपाता.

खरं सांगतो, मला धावायचं होतं. पाय तयार होते. या घरात मला एकच काम सांगितलं होतं आणि तेही मी बिघडवलं होतं. बेरेन्सबाई तर "लोला! लोला!" करत पुढे धावल्याच. तेव्हा मला येत असलेला एकमेव जर्मन शब्द, त्यांचं 'नाही', मी ओरडलो, "नाइन!" बाई थांबल्या. मी तोंडावर बोट ठेवलं आणि हाताने खूण केली, हळू. त्यांनी मान डोलावली. मग आम्ही दोघं बर्फातल्या पावलांच्या खुणा बघत, देवळाला प्रदक्षिणा घालावी तशा चालीने निघालो.

घरांच्या मागे शेतं आहेत. पलीकडच्या कुंपणाशी लोला उभी होती. कुंपण तिने ओलांडलं असतं तर पुढे कालवा आणि मोठा रस्ता. पाय पोटाखाली गोळा केलेले, शेपूट आत, आणि इतकी थरथरत होती की ते मला एवढ्या लांबून दिसत होतं. मी तिच्याकडे पाठ केली आणि बर्फात बसलो. (बर्फ कोरडा दिसतो. तो कोरडा नसतो.) बेरेन्सबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग आकाशाकडे पाहिलं, आणि कोट सावरून शेजारी बसल्या.

शिवांगी सांगते की आवाज हळू आणि एका लयीत ठेवायचा. पण बोलायचं काय? मला सुचलं ते मी बोललो. मिरज, सांगली, आष्टा, इस्लामपूर, पेठ नाका, कराड, उंब्रज, सातारा. स्वारगेटला पोचलो की परत मिरजेहून सुटायचं. दोन खेपा झाल्या असतील. तेवढ्यात सायकलवरून एक गृहस्थ आले, आमच्याकडे बघून थबकले, काहीतरी विचारलं. मी हाताने 'जा' अशी खूण केली. ती त्यांना 'वाचवा' अशी दिसली असावी, कारण त्यांनी मोबाइल काढला आणि थोड्याच वेळात शेताच्या कडेला रुग्णवाहिका उभी राहिली. केशरी जाकिटं घातलेले दोन धिप्पाड तरुण पेटी घेऊन पळत निघाले. बेरेन्सबाई उठल्या. नुसती बोटाची खूण करून आणि कुजबुजून त्यांनी त्या दोघांना काय सांगितलं कोण जाणे, पण दोघंही पावलं न वाजवता आले आणि आमच्या ओळीत पाठ करून बसले. आता चौघं झालो. कुणी विमानातून पाहिलं असतं तर जर्मनीत नवा पंथ निघाला असं वाटलं असतं.

तिसऱ्या खेपेला कराडच्या पुढे मी अडकलो. उंब्रज म्हणायचं होतं ते आलं नाही. सरलाला मी त्याच गाडीने पुण्याला दाखवायला नेलं होतं, आणि उंब्रजला तिने चहा मागितला होता, आणि मी म्हटलं होतं, उशीर होईल, साताऱ्याला घेऊ. साताऱ्याला तिला नको झाला. एवढंच. इतकी साधी गोष्ट, आत्माराम, तुलाही सांगितली नव्हती. ती मी त्या बर्फात, समोर कुणी नसताना, मराठीत, हळू आवाजात सांगितली. शेजारी तीन माणसं होती आणि त्यांना एक अक्षर कळत नव्हतं, म्हणूनच बहुधा जमलं. कुणी वळून पाहिलं नाही. कुणी पाठीवर हात ठेवला नाही. मी बोलत राहिलो.

मग माझ्या खांद्यावर काहीतरी जड आलं. ही कुत्री बिलगत नाहीत, नुसती अंग टाकून टेकतात. लोला टेकली होती. मी हललो नाही. बऱ्याच वेळाने मफलर काढून तिच्या गळ्याभोवती दोन वेढे दिले आणि टोक मुठीत धरलं. मग उठायला गेलो तर उठता येईना, तेव्हा त्या तरुणांनी मला दोन्हीकडून उचललं. आलेच होते म्हणून माझा रक्तदाबही मोजला. तो बघून ते एकमेकांकडे बघायला लागले, पण बेरेन्सबाईंनी त्यांनाही 'नाइन' म्हटलं.

घरी आलो तर कपिलची गाडी दारात. सगळं ऐकून तो दारातच सुरू झाला, "बाबा, एवढं बजावून सांगितलं होतं ना तुम्हाला! एक गोष्ट! दार उघडायचं नाही, एवढीच!" त्याचं चुकत होतं असं नाही. मी खाली बघत उभा होतो, पँट ओली, लोला माझ्या पायाला टेकलेली. शिवांगी मागून आली. इंजेक्शनने तिचा गाल बधिर होता, शब्द धड उमटत नव्हते.

"कपिल, ओरडू नकोस," ती म्हणाली. "दोघंही घाबरलेत."

आणि पुढे काही नाही. तिने एक टॉवेल लोलावर टाकला, एक मला दिला, दोघांसमोर काहीतरी गरम ठेवलं, आणि आमच्याकडे पाठ करून कपाट आवरत बसली.

मी तो टॉवेल बराच वेळ हातात धरून होतो.

संध्याकाळी बाहेर युद्ध सुरू झालं. पडदे ओढले, धुण्याचं यंत्र उगाचच चालू ठेवलं, आणि सामानाच्या बिनखिडकीच्या खोलीत गादी टाकून मी लोलाला घेऊन बसलो. कान झाकले की त्यांना बरं वाटतं म्हणे, म्हणून माझी कानटोपी तिला घातली. ती तिला माझ्यापेक्षा चांगली दिसते, हे कपिलचं मत. नवीन वर्ष नेमकं कधी लागलं ते आम्हाला कळलं नाही. मध्ये शिवांगी येऊन दाराशी बसली. मी म्हटलं, "दाढ कशी आहे?" ती म्हणाली, "बरी आहे." थोड्या वेळाने मीच म्हटलं, "तुझ्या सासूबाईंना चहा फार लागायचा." ती म्हणाली, "हो?" आणि थांबली. मग मी सांगत गेलो, उंब्रजसकट.

असं सगळं आहे. गुस्तावरावांना वडे बाधले नाहीत. बेरेन्सबाई काल पुन्हा ताट घेऊन आल्या; या खेपेस बागेच्या बाजूने. वहिनींना नमस्कार सांग, गुडघे सांभाळ, आणि पत्राला उत्तर लिही.

तुझा,
शशिकांत

ता. क. हे सगळं कुत्र्यांचं झालं. मला लिहायचं होतं ते असं, की मी मार्चच्या पहिल्या आठवड्यात परत येतोय. फ्लॅटची किल्ली खाली जयंतकडे आहे. मी येण्याआधी तू वर जाऊन बस. खिडक्या उघड, पंखा लाव, तिच्या वस्तू आहेत तिथे राहू देत. मी कुलूप उघडून रिकाम्या घरात शिरू शकेन असं मला वाटत नाही. जिना आहे, तुझे गुडघे आहेत, मला कळतं. तरी ये.

ता. क. दुसरा. वहिनींना पत्र वाचून दाखवशील तेव्हा वरचा ता. क. गाळ. मी जर्मनीत अगदी मजेत आहे, एवढंच सांग.