आंबटाचा आळ

माय, तुला जाऊन इतकी वर्षं झाली, पण आज तुझ्या आंबटाची आठवण आली आणि माझी मलाच लाज वाटली. माझ्या पाठचं बाळ जन्मून आठवडाही झाला नव्हता, त्याच्या रक्तात जंतू शिरले आणि ते गेलं. घरातल्या बायांनी ठरवून टाकलं, तू बाळंतपणात लोणचं खाल्लंस म्हणून दूध बिघडलं. त्यानंतर तू आंबटाला शिवली नाहीस. अजून डोळ्यांसमोर दिसतं, एरंडोलच्या स्वयंपाकघरात आम्ही मिटक्या मारत कैरीच्या फोडी खातोय आणि तू भाकरी थापत भिंतीकडे बघतेयस. एकदाच बोललीस, "जळगावना डाक्टरले मी इचारं, मन्हामुये व्हयनं का? तो पुढली खाटवर निंघी गया." तुझ्या 'माझ्यामुळे झालं का?'ला उत्तर न देता पुढच्या खाटेकडे निघून गेलेल्या त्या डॉक्टरला मी तेव्हापासून मनातल्या मनात शिव्या घालत आलेय.

आता मीच धुळ्यात नवजात बाळांच्या वॉर्डात डॉक्टर आहे. गंमत बघ, माझं संशोधनही आंबटावरच. बाळाच्या आतड्यातले चांगले जंतू ॲसिटिक ॲसिड तयार करतात, व्हिनेगरमध्ये असतं तेच. ते कमी पडलं तर वाईट जंतूंना रक्तात शिरायला वाट मिळते का, एवढंच आम्ही शोधतोय. उत्तर अजून नाही. पण आईनं ताटात काय घेतलं यावर खापर फोडता येत नाही, एवढं मला नक्की माहीत आहे.

आज सकाळी अशाच एका आजारी बाळाची शी तपासणीसाठी घेत होते. त्याची आजी सगळ्यांदेखत म्हणाली, "हिनी चिच खादी, म्हनीसन पोऱ्याले बाधनं." सून विशीचीही नसेल. तिनं माझा हात धरला. "बाई, मन्हामुये व्हयनं का?" शब्दसुद्धा तुझेच, माय. नमुना लगेच बर्फात ठेवायचा होता. मी हात सोडवून घेतला, म्हणाले, "नंतर बोलू हं." नमुना मात्र तळहाताच्या फोडासारखा जपत खाली प्रयोगशाळेत आणला.

आता दुपार टळलीय. बाळ अजून झुंजतंय. एक जिना चढला की तिची खाट. पण "तुझ्यामुळे नाही" म्हटलं की ती लगेच विचारेल, मग कशामुळे? आणि "माहीत नाही" म्हणायला माझी जीभ रेटत नाही. त्या डॉक्टरला घातलेल्या शिव्या आता मलाच ऐकू येतायत, तरी मी इथे बसून तुला लिहितेय. तू उलट काही विचारत नाहीस, हे मला फार सोयीचं पडतं.