पाचव्या भागात कंदील माझा

ता. ३ जून, सकाळी
आज घरी आले: व्हिडिओ गेमचे मशीन एक, रिमोट दोन, वायरी तीन, जाहिरातीचे कागद पुष्कळ. एकूण एकोणीस हजार. मूळ किंमत अडतीस. निम्म्यात मिळाले, देवाची कृपा. देवापुढे ठेवून नमस्कार केला, मग टीव्हीखाली मांडले.
मशीन टीव्हीवर भजने ऐकण्यासाठी घेतले आहे. ह्यांनी विचारले, भजने रेडिओवर लागत नाहीत का. मी भांडी घासायला घेतली.

ता. ४
वरच्या मजल्यावर नणंद राहतात. त्यांच्या मशीनवर आजवर आम्ही दोघी 'कंदीलवाली'चे चारही भाग खेळलो. कंदीलवाली अंधाऱ्या रानातून वाट काढते, मागून तिची शेळी. मशीन वन्संचे, म्हणून कंदील वन्संकडे. मी चारही भाग शेळी.
महिनाअखेर पाचवा भाग येतो आहे. तो आमच्या घरी, आमच्या मशीनवर. कंदील माझ्या हाती. वन्संना शेळी व्हायला सांगायचे, पण मायेने.
तरी मशीन गेमसाठी घेतलेले नाही.

ता. ६
दुकानदाराचे बोलणे टिपायचे राहिले. कोणत्या गेमसाठी घेताय, असे त्याने विचारले होते. म्हणे, लोक गेम बघतात, मशीन त्यामागून येते. मी म्हटले, एका ब्लाऊजसाठी कोणी शिलाई मशीन घेत नाही. गेमबिम काही नाही, भजने ऐकायची आहेत. तो म्हणाला, मग हे तुमच्यासाठी अगदी उत्तम. समजूतदार माणूस.

ता. १२
भजनांना मशीन दरमहा वर्गणी मागते. बंद केले.
हात बसावा म्हणून सोबत फुकट आलेला मोटारीचा गेम लावला. संकल्प: रोज जपानंतर पाव तास सराव.
संध्याकाळी: मोटार भिंतीत अडकली ती निघेना. ती निघावी म्हणून जप मात्र दुप्पट झाला.

ता. १९
वन्संना सांगून टाकले, पाचवा भाग आमच्याकडे, या खेपेला शेळी तुम्ही. त्यांनी मशीन कोणते ते विचारले. सांगितले. त्यांनी माझा हात हातात घेतला. मग म्हणाल्या, बघू हं वहिनी. गहिवरल्या असाव्यात.

ता. २३
वन्संकडे मोठे खोके आले. जिन्यात विचारले, तर मिक्सर म्हणाल्या. एकट्या बाईला एवढा मिक्सर? असो. आम्ही एकमेकींपासून काही लपवत नाही.

ता. ३०, दुपारी
पाचवा भाग आणायला गेले. दुकानदार म्हणाला, तो फक्त दुसऱ्या कंपनीच्या मशीनवर निघाला आहे. कंदीलवाली तिकडे गेली म्हटल्यावर गिऱ्हाईकही तिकडे गेले, म्हणून तर हे मशीन निम्म्यात. मी विचारले, तेव्हा का नाही बोललात? म्हणाला, ताई, तुम्ही कुठे गेमसाठी घेत होतात?
एका गेमपायी लोक मशीन बदलतात म्हणजे कमाल आहे. काय ही माणसे.

संध्याकाळी
वरून कंदीलवालीचे गाणे ऐकू आले. गेले. मिक्सर टीव्हीखाली होता.
वन्सं म्हणाल्या, मला आधीच कळले होते, पण तुम्ही इतक्या आनंदात होतात, सांगवेना. शिवाय तुमची भजने आहेतच की. हे सांगताना नजर टीव्हीवरून हलली नाही.
सख्ख्या भावाच्या बायकोशी असे वागावे? त्यांची पायरी पुन्हा चढायची नाही. ठरले.

ता. २ जुलै
वन्संचा डबा परत करायला गेले. जरा टेकले. दुसरा रिमोट मागितला नाही. हात पुढे झाला असेल तर तो सवयीने. वन्सं म्हणाल्या, ह्या भागात एकटीनेच खेळायचे असते. शेळी काढून टाकली आहे.
तरी बसले. वाट चुकत होत्या. डावीकडे, असे दोनदा सांगितले. ऐकले नाही.

ता. ३
कंपनीला पत्र टाकले. नक्कल अशी:
स. न. चार भाग इमानाने मागून चाललेल्या शेळीला न विचारता काढून टाकणे बरे दिसत नाही. सहाव्या भागात ती परत येणार का, आणि तो भाग कोणत्या मशीनवर निघणार, हे दोन्ही कृपया उलट टपाली कळवावे.