मधले पाच सरडे

अनसिंग, रविवार

प्रिय गोजरा आत्या,

निकोबारच्या ज्या झाडसरड्याला मी तुझं नाव दिलं, तो वेगळ्या जातीचा नाहीच. हे आसेगावला येऊन सांगायला हवं, पण धीर होत नाही.

तिथल्या दोन बेटांवरचे सरडे प्रयोगशाळेत बाटल्यांत जपून ठेवलेले होते. पोटाभोवतीचे खवले मोजून मी दोन गट केले, कमी खवल्यांचा आणि जास्त खवल्यांचा. पाच सरडे मधले निघाले. ते अजून वाढायचे आहेत असं समजून मी त्यांना बाजूला ठेवलं. शाळेआधी तू मला वांगी मोजून वेगळी करायला शिकवलीस, तसंच. "मोठी बाजारले, लहान शेजारणीले, अधलीमधली आपल्या भाजीले," म्हणायचीस. पण पुन्हा तपासलं तेव्हा ते पाचही पूर्ण वाढलेले निघाले. त्यांना धरलं की दोन गट राहत नाहीत, सगळे एकाच जातीचे ठरतात.

कुणाच्याही लक्षात आलं नव्हतं. तरी काल माझ्या मार्गदर्शक सरांना सांगून मी छपाईला गेलेला, तुझ्या नावाचा शोधनिबंध परत मागवला.

संध्याकाळी तुझा फोन आला. "काय करून राह्यला वं माहा सरडा? शेजारची गंगू म्हणे, गोजरे, तुह्यासारखाच टकमक पाहत असन!"

"झाडावर आहे, आत्या. मजेत आहे," मी म्हणाले. त्यात खोटं काही नव्हतं.

मग हसू थांबवून तू म्हणालीस, "पोरी, शेताच्या सातबाऱ्यावर माहं नाव नाही. सरड्यावर तं आलं."

यापुढे मला लिहिता येत नाही.

तुझी,
सुचिता