डाव्या वळणावरची ठकठक

१२ सप्टेंबर, सकाळ
गाडी नवी होती तेव्हाची एक दुपार आठवली. मी चालवतेय, नवरा सागिनबेक शेजारी, त्याच्या मांडीवर सफरचंदांची पिशवी. त्याच्या गावाकडे जाणाऱ्या बोओमच्या घाटात प्रत्येक वळणाआधी तो डॅशबोर्डवर दोनदा बोट वाजवायचा. ठक ठक. म्हणजे हळू. तोंडाने कधी बोलला नाही. ही खूण फक्त आम्हा दोघांची.
आज बाजारातून येताना डावीकडे वळले आणि पुढच्या डाव्या चाकाकडून, सागिनबेकच्या या देशात चालक बसतो त्याच बाजूने, आवाज आला. ठक ठक.
भुताखेतांवर माझा विश्वास नाही. मूळची मी नाशिकची; तिथल्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर ऑरेलियांनी तो मी अकरा वर्षांची असतानाच काढून टाकला. हा अ‍ॅक्सलचा मामला आहे. आठवड्याभरात मिटवते.

१३ सप्टेंबर
११ ऑक्टोबरला सागिनबेकच्या वर्षाचं जेवण, त्याच्या गावी, तळ्याकाठी. मी स्वतः गाडी चालवत जाणार, हे तो गेल्याच्या चाळिसाव्या दिवशीच सगळ्यांना सांगितलं आहे. मुलगा मेदेर म्हणाला, आपा (इथे आईला हाच शब्द), ठकठकणारी गाडी मी घाटात नेऊ देणार नाही. आवाज गेला तर चालवा, नाही तर माझ्या गाडीत मागे, जेवणाच्या मेंढीशेजारी.
मेंढीचं विनोदाने म्हणाला असावा.

१५ सप्टेंबर, ११ वाजता
गॅरेजवाल्या उस्ता तोक्तोसूनने गाडी चालवून पाहिली. शेजारी कोणी बसलेलं त्याला खपत नाही. परत येऊन म्हणाला, एजे (इथली ‘ताई’), ही गाडी मशिदीसारखी शांत आहे. त्याचे कान गेले आहेत. वळताना ठकठक म्हणजे अ‍ॅक्सलचा बाहेरचा जॉइंट खलास, असं गाडीच्या पुस्तकात चित्रासकट दिलंय. बदलायलाच लावला. म्हणाला, जुना अजून दहा वर्षं चालला असता. जुना मी पिशवीत घालून घरी आणला.
येताना: ठक ठक.

१९ सप्टेंबर
दीर एसेन्कुल आला. चहाच्या सातव्या वाटीला पुन्हा तोच प्रश्न, भावाचं घड्याळ कुठे गेलं. मी पुन्हा सांगितलं, इस्पितळात हरवलं असेल.
सागिनबेकची टोपी, कोट, बूट, खोगीर, सगळं रिवाजाप्रमाणे ज्याचं त्याला देऊन झालंय. मी काहीही ठेवून घेतलेलं नाही. घड्याळ मी फक्त वेळ पाहायला वापरते, तेही एकटी बाहेर पडले तर. माझ्या हातात ते कोपरापर्यंत घसरतं. ती काय ठेवून घेण्यासारखी वस्तू आहे? घरात तर ते पिठाच्या डब्यात असतं.

२५ सप्टेंबर, गुरुवार
सागिनबेकसाठी बोरसोक, कणकेचे छोटे तुकडे, तळले. गेलेल्या माणसाला तळणाचा वास पोचतो, असं इथे म्हणतात. आपण तळावं, पोचायचं त्याचं तो बघेल.
चाकाचं बेअरिंग नवं, शॉकअ‍ॅब्सॉर्बर नवे. आवाज तोच. फक्त डावीकडे, आणि फक्त मी चालवताना. उस्ता म्हणाला, एजे, बदलायचा आता फक्त ड्रायव्हर राहिलाय. माणूस उद्धट, पण हात चांगला.

२ ऑक्टोबर
चौकाला मुद्दाम तीन फेऱ्या मारल्या, तिन्ही डावीकडून. ठक ठक. मोठ्याने म्हटलं, हो रे, हळूच चालवतेय. आवाजाची नीट तपासणी करायची तर त्याच्याशी बोलूनही पाहावं लागतं.
नंतर चौथी फेरीही मारली.

६ ऑक्टोबर
मेदेरला सांगितलं, आवाज गेला. उजवीकडे वळताना येतच नाही, म्हणजे निम्मं तरी खरं. त्याने स्वतः चालवून पाहिली, खूश झाला. मात्र सुनेला शेजारी बसवायची, ही अट. चालेल. आयसालकिन गाडीत झोपते, घड्याळ तिला दिसायचं नाही.

११ ऑक्टोबर, दुपारी ४, गावी
झोपली नाही.
बोओममधलं पहिलं डावं वळण. ठक ठक. आयसालकिन म्हणाली, आपा, तुमचं घड्याळ दाराच्या हँडलवर आपटतंय. काच फुटेल. द्या इकडे.
दिलं. दुसरं वळण. काही नाही. तिसऱ्याला वेग कमी करायचा राहूनच गेला. समोर ट्रक, लांबलचक हॉर्न. आयसालकिनने डॅशबोर्डवर दोनदा बोट वाजवलं.
पुढे गाडी कडेला घेतली. इंजिन बंद केलं. विचारलं, हे तुला कोणी शिकवलं? म्हणाली, अहो, बाबा सगळ्यांनाच करायचे असं. एसेन्कुलकाका तर एकदा वैतागून गाडीतून उतरले आणि चालत घरी गेले.
मग तिने घड्याळ उलटून पाहिलं. ओळखलं. माझ्या पर्समध्ये ठेवलं आणि सफरचंद कापायला घेतलं.
तिथून मागून येणाऱ्या मेदेरने आमची गाडी आणली. त्याची, त्याच्यासोबतच्या मित्राने.

आता विसरायच्या आत:
घड्याळ एसेन्कुलला. आजच, जेवणाआधी, इस्पितळाची गोष्ट खोटी होती हे सांगून.
जुना जॉइंट आणि जुनं बेअरिंग उस्ता तोक्तोसूनला. सोबत बोरसोक, आणि कान ठीक असल्याची कबुली.
गाडी इथेच एसेन्कुलच्या अंगणात, आयसालकिन चालवायला शिकेपर्यंत. मग तिची.
परतीला मी मेदेरच्या गाडीत, मागे. मेंढी कढईत आहे, जागा भरपूर.