हरवलेल्या वस्तू आणि केरिज यांचे फाटक

मी, थेल्मा गॅरड, कै. एडमंड गॅरड यांची पत्नी, रसायनशास्त्राची निवृत्त शिक्षिका, राहणार थॉर्नबी, सफोक, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत व राजीखुशीने करून ठेवीत आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही; तो आजवर कोणाला जमलेला नाही. माझ्या हृदयाने यंदा नोटीस दिली आहे आणि डॉक्टरांनी ती मला स्वच्छ शब्दांत वाचून दाखवली आहे, म्हणून हे काम पुढच्या हिवाळ्यावर ढकलत नाही. यापूर्वीची माझी सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत.

१. या मृत्युपत्राची अंमलबजावणी माझी भाची रोझलिंड थर्केटल हिने करावी. ती नीटनेटकी आहे आणि रडण्यात वेळ घालवत नाही.

२. माझे राहते घर, बागेसह, रोझलिंड हिला द्यावे. बागेत पाण्याचा मुख्य कॉक कुठे पुरला गेला आहे हे मला आजही माहीत नाही. एडमंड गेल्यानंतरच्या वर्षी नळ फुटला, तेव्हा गल्लीच्या टोकाला राहणारे निवृत्त बसचालक डेस्मंड लार्टर आपला मेटल डिटेक्टर घेऊन धावत आले. हिरवळीवर यंत्र फिरवता फिरवता ते थांबले, खाली बसले, आणि एक दोन्ही बाजूंनी वाकवलेले चांदीचे नाणे माझ्या हातावर ठेवले.

"हा कॉक नाही," मी म्हणाले.

"नाही गॅरडबाई. पूर्वी आपल्याकडे पोरं नाणं असं वाकवून आवडत्या मुलीला द्यायची. मुलीला पोरगा पसंत नसला की ती फेकून द्यायची."

"म्हणजे हे फेकलेले दिसते."

"किंवा हरवलं असेल, आणि बिचारी आठवडाभर रडली असेल. तुम्ही लगेच वाईट निकाल कशाला लावता?"

यावर आमचा वाद चहाच्या दोन किटल्या चालला. पाणी शेवटी प्लंबरने रस्त्यावरून बंद केले. पुढच्या शनिवारी मी स्वतःचा डिटेक्टर विकत घेतला.

३. ते वाकडे नाणेही रोझलिंड हिला द्यावे. ती दर नाताळला विचारते, "मावशी, सोनं सापडलं का गं?" एकदाचे लेखी उत्तर देते. सोने सापडलेले नाही. शिशाच्या गोळ्या सापडल्या, घोड्याच्या पट्ट्यांची बकले सापडली, एक अंगुस्तान, असंख्य बटणे आणि शीतपेयांच्या डब्यांच्या कड्या सापडल्या. त्या कड्यांवर यंत्राचा आवाज कानात अगदी चांदीसारखा येतो. या छंदात नम्रता अशीच शिकवली जाते.

तरी मी यंत्र घेऊन शेतांत जात राहिले. घरात एडमंडच्या खुर्चीकडे पाहत बसण्यापेक्षा धसकटांतून चालणे बरे होते, हे पहिले कारण. पण तेवढेच असते तर मी कुत्रा पाळला असता. कानात आवाज येतो, माणूस गुडघ्यावर बसतो, ढेकूळ फोडतो, आणि हातात काय आले आहे हे कळण्याआधीचे काही क्षण मिळतात. त्या क्षणांत मी कोणाची विधवा नसे आणि कोणाची शाळेतली बाईही नसे. शिवाय पुस्तकांत लोकांनी काय मिळवले तेच लिहिलेले असते. लोकांनी काय हरवले ते नांगरटीत सापडते. कोणी मुलगी बांधावर शिवत बसली, अंगुस्तान हरवले, घरी बोलणी खाल्ली. शेकडो वर्षांनी ते मी उचलले. "सापडले हो," असे मी दर वेळी मोठ्याने सांगते. तिला ते ऐकू जात नाही याची मला कल्पना आहे.

४. माझ्या बचतीपैकी अर्धी रोझलिंड हिला व अर्धी थॉर्नबीच्या डिटेक्टर क्लबला द्यावी. क्लबने त्यातून नवशिक्यांसाठी यंत्रे घ्यावीत. बिस्किटे घेऊ नयेत. माझे स्वतःचे यंत्र, फावडे आणि गुडघ्यांच्या गाद्याही क्लबकडे जाव्यात. फावड्याची धार मी स्वतः लावते. ते कोणी बागकामाला वापरल्यास देणगी परत घ्यावी.

५. कै. वॉल्टर केरिज यांच्या शेतात सापडलेल्या वस्तूंत, आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणे, निम्मा हिस्सा त्यांचा होता. तो त्यांनी कधी घेतला नाही. "अर्ध्या बटणाचं मी काय करू, बाई? अर्धा शर्ट घालू?" असे म्हणत आणि चहा पुढे करत. मला अनोळखी बाई म्हणून स्वयंपाकघराच्या दारात उभी पाहून ज्यांनी एकच प्रश्न विचारला, "खड्डे बुजवता का?", त्या माणसाची मी ऋणी आहे. माझ्या उतारवयातली सर्वांत चांगली वर्षे त्यांच्या वरच्या शेतात गेली. त्या शेतातल्या सर्व वस्तू मी गेल्या महिन्यात त्यांची मुलगी फिलिपा हिच्याकडे पोचत्या केल्या. या मृत्युपत्राशी त्यांचा संबंध नाही.

६. डेस्मंड लार्टर यांना या मृत्युपत्रान्वये काहीही मिळणार नाही. हे विसरून झालेले नाही. कारण सर्वांना ठाऊक आहे, तरी लिहिते. वरच्या शेतात त्यांना सॅक्सन काळातली, हजारेक वर्षांपूर्वीची एक पिन सापडली. आनंदाच्या भरात त्यांनी तिचा फोटो इंटरनेटवर टाकला. आमच्यात लहान मूलसुद्धा पिन तळहातावर धरून, कॅमेरा जमिनीकडे वळवून फोटो काढते, म्हणजे जागा ओळखू येत नाही. यांनी ती आभाळाकडे उंच धरली, आणि मागे गावची पाण्याची टाकी अख्खी दिसली. चोरांनी टाकीवरून शेत ओळखले, रात्री येऊन उगवत्या गव्हात खड्डे खणले आणि काय नेले ते कोणालाच कळले नाही. वॉल्टर यांनी फाटकाला साखळी घातली.

मी पुढच्या कापणीनंतर नेहमीसारखी स्वयंपाकघराच्या दारात जाऊन परवानगी मागितली, आणि मला किल्ली मिळाली. डेस्मंड यांना सांगितले, "जा, तुम्हीही विचारा." ते म्हणाले, "कोणत्या तोंडाने?" चार वर्षे ते शनिवारी घरी बसून यंत्र पुसत आहेत. ते गेले नाहीत म्हणून क्लबातले बाकीचेही गेले नाहीत. गेल्या हिवाळ्यात वॉल्टर वारले.

७. शेतात जाण्याची परवानगी ही मालमत्ता नव्हे. ती ज्याची त्याने, दर वर्षी, समोर उभे राहून मागायची असते. मृत्युपत्राने ती कोणाला देता येत नाही. मी गेले की माझी परवानगी संपेल आणि त्या फाटकातून कोणीच जाणार नाही. घराचे, पैशाचे काय व्हायचे ते होईल. हे एवढे होऊ नये, असे मला वाटते.

८. मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात. कायद्याप्रमाणे दोघांनी मी सही करताना एकाच वेळी हजर असावे लागते, आणि ज्याला मृत्युपत्रातून काही मिळणार आहे त्याने साक्ष देऊ नये. त्यानुसार मी दोन साक्षीदार निवडले आहेत आणि त्यांना आज चार वाजता वेगवेगळे बोलावले आहे. कलम ५ व ६ मी त्या हिशेबानेच लिहिली आहेत.

९. (हे कलम साक्षीदार आल्यावर, सही करण्यापूर्वी, हाताने लिहीत आहे.)

फिलिपा केरिज आधी आली. डेस्मंड लार्टर आत येताच ती उठून उभी राहिली.

"बाई, हे येणार आहेत असं तुम्ही सांगितलं नाहीत."

"तू विचारले नाहीस. बस."

डेस्मंड दारातच टोपी चुरगळत उभे राहिले. "मी मागाहून येतो."

"मागाहून येऊन चालत नाही," मी म्हणाले. "कायदा आहे."

ते बसले. मग ते टेबलाकडे पाहत म्हणाले, "फिलिपा, मला ती टाकी दिसलीच नाही गं. मला नुसती पिन दिसत होती. तुमचा गहू गेला. वॉल्टरला तोंड दाखवायला हवं होतं मी."

"हवंच होतं," फिलिपा म्हणाली. "चार वर्षं आमचं दार टाळून लांबच्या रस्त्यानं जाता तुम्ही, काका. बाबा खिडकीतून बघायचे. म्हणायचे, 'या डेस्मंडला मी काय खातो की काय?' साखळी चोरांसाठी होती. दर कापणीनंतर तुमच्या नावाचा कप काढून ठेवायचे ते."

हे मला आजच कळले.

डेस्मंड यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग खुर्ची मागे सारून उभे राहिले. स्वयंपाकघराच्या दारात उभे राहावे तसे.

"फिलिपा, यंदा वरच्या शेतात आलो तर चालेल का?"

"पंधरा दिवसांत पेरणी आहे. त्याआधी या. क्लबवाल्यांनाही सांगा, पण प्रत्येकानं स्वतः येऊन विचारायचं." मग ती म्हणाली, "आणि फोटो काढलात तर माझ्या गव्हाचासुद्धा चेहरा दिसता कामा नये."

याउपर मला काही लिहायचे नाही. मी सही करते.

(सही) थेल्मा गॅरड

थेल्मा गॅरड यांनी आम्हा दोघांच्या समक्ष वरील सही केली. आम्ही दोघांनी त्यांच्या समक्ष व एकमेकांच्या समक्ष, एकाच टेबलाशी बसून, साक्षीदार म्हणून सह्या केल्या आहेत.

(सही) फिलिपा केरिज, शेतकरी, थॉर्नबी
(सही) डेस्मंड लार्टर, निवृत्त बसचालक, थॉर्नबी

स्थळ: थॉर्नबी, सफोक
दिनांक: ९ सप्टेंबर २०१९