क्लेइतो, घर आणि न वसवलेले नगर

मी, फानोस्त्रातोस, अथेन्सचा नागरिक, राहणार कोल्लितोस वस्ती, असे लिहून ठेवतो की खोकला वाढला असला तरी डोके ठिकाणावर आहे. आज मद्य घेतलेले नाही, वैद्याचा काढा कालपासून बंद केला आहे आणि कोणी मानगुटीवर बसून हे लिहून घेत नाही. बरा झालो तर उत्तमच. नाही झालो तर पुढीलप्रमाणे व्हावे.

आधी मुलीचे. मला मुलगा नाही. क्लेइतो एकुलती एक, लग्नाच्या वयाची. मी असाच गेलो तर आपल्या कायद्याप्रमाणे घर, आखार्नायचा द्राक्षमळा आणि त्यांच्याबरोबर क्लेइतोही सर्वांत जवळच्या पुरुष नातेवाइकाकडे जाईल. तो म्हणजे माझा धाकटा भाऊ थ्रासिलोस, तिचा सख्खा काका. मळ्यासाठी पुतणीशी लग्न करायची त्याची तयारी आहे. इतक्या वर्षांच्या संसारानंतर बायकोला माहेरी धाडायचेही त्याने ठरवून टाकले आहे. परवा माझ्या उशाशी बसून अंजीर खात म्हणाला, "दादा, काळजी सोड. घरातलं घरातच राहील." अंजिरांचे देठ माझ्याच ताटात टाकून गेला.

हे टाळायला कायद्याने एकच वाट ठेवली आहे: मृत्युपत्राने मुलगा दत्तक घ्यावा आणि मुलगी त्याला द्यावी. म्हणून पिरेउस बंदरात वल्ही बनवणारा हाग्नोन, अथेन्सचाच नागरिक, याला मी दत्तक घेतो. घर आणि मळा त्याचा. त्याने क्लेइतोशी लग्न करावे.

हाग्नोनच का, असे लोक विचारतील. माझ्या अंगणात वर्षानुवर्षे आदर्श नगर कसे असावे याची चर्चा चालली. राज्य कोणी करावे, जमीन कोणाची असावी, वेशीचे दार कोणासाठी उघडावे. शिष्यांत यूबिओस सर्वांत हुशार, आणि मुलगी त्यालाच द्यायची हे मी मनाशी पक्के केले होते. हाग्नोन मागे बसे. त्याचा प्रश्न ठरलेला: "आणि ज्याला हे मान्य नाही, त्याचं काय?" सगळे हसत. लग्ने वडीलधाऱ्यांनी चिठ्ठ्या टाकून ठरवावीत असा नियम मी मांडला, त्या दिवशीही त्याने विचारले, "आणि मुलगी नाही म्हणाली तर?"

"आदर्श नगरात ती नाही म्हणणारच नाही," मी म्हणालो. सगळ्यांनी वाहवा केली. आत क्लेइतोचा माग चालू होता, तो तेवढा थांबला.

गेल्या महिन्यात ती जवाची पेज घेऊन आली आणि म्हणाली, "बाबा, तुमच्या त्या नगरात मला कोणी विचारणार आहे का?"

"तिथं सगळ्यांचं भलंच—"

"भलं करायला तर काकाही निघालाय."

मला राग आला. वाडगा ढकलला, तशी पेज पांघरुणावर सांडली. क्लेइतो ती पुसू लागली. मग म्हणालो, "बरं, समज त्या नगराचे कायदे तूच करतेस. मुलगी कोणाला द्यायची?"

"नाही म्हटलेलं ज्याला ऐकू येतं, त्याला. तुमच्या अंगणात तसा एकच बसतो. आणि बाबा, यूबिओस बोलायला लागला की तुम्हीसुद्धा जांभया देता."

हे खरे आहे.

त्या वेळी थ्रासिलोस अंगणात होता आणि त्याने सगळे ऐकले. बाईच्या सांगण्यावरून केलेले मृत्युपत्र आपला कायदा रद्द ठरवतो, तेव्हा तो न्यायालयात हेच मांडणार. गल्लीभर बोलून ठेवलेच आहे. म्हणून लिहितो: आमचे बोलणे झाले ते जे नगर कुठेच नाही त्याच्याविषयी, आणि अथेन्सचे कायदे तिथे लागू नाहीत. अथेन्सपुरता निर्णय माझा एकट्याचा आहे. पंचांना हसू आले तर हसावे, पण मत माझ्या बाजूने द्यावे. माझी मुलगी एका मळ्यापायी काकाच्या घरात जाऊ नये, एवढेच मागतो.

लग्नाच्या दिवशी हाग्नोनने तिला पुन्हा एकदा विचारावे. नाही म्हणाली तर काय करायचे, ते मला ठाऊक नाही. प्रश्न मुळात त्याचा आहे, उत्तर त्यानेच शोधावे.

चिठ्ठ्यांचा नियम नगरातून काढून टाकला आहे. शिष्यांनी ध्यानात ठेवावे.

दासी थ्राट्टा आजपासून मोकळी. "मालक, त्या नगरात चूल कोण पेटवतं?" असे ती विचारायची आणि मी विषय बदलायचो. तिला तिची खोली आणि दोन्ही शेळ्या द्याव्यात. पोथ्या यूबिओसला द्याव्यात. तो नाराज होईल, पण मुलगी हे बक्षीस नव्हे, हे तोही एकदा अंगणात बोलला होता, आणि छान बोलला होता. थ्रासिलोसला वडिलांची ढाल. ती त्याला लहानपणापासून हवी होती आणि वडिलांचा तो लाडका होता. यात टोमणा नाही. शेजारच्या कुंभाराकडे माझी शिडी आहे, ती मागून आणावी.

मला मळ्याच्या बांधाजवळ पुरावे. रडणाऱ्या बायका भाड्याने आणू नयेत.

अथेन्स. आर्खेस्त्रातोस प्रमुख असलेल्या वर्षी, थार्गेलिओन महिना, षष्ठी. माझी मोहर खाली आहे.

साक्षीदार: लिसानिआस, तेल गाळणारा. कालिप्पोस, माझा रणातला सोबती. अर्खेबिओस, वैद्य.

चौथी ओळ मोकळी सोडली आहे, तिथे कोणी नाव घालू नये. जिथे बाईची साक्ष चालते त्या नगरात ती क्लेइतोने भरली आहे.