पलंगाखालचा रेडिओ आणि मामंजी

तीर्थस्वरूप दादा,

धाकटीचा वाकून नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम करतोस, की नुसता करतो म्हणून सांगतोस? (वहिनी हे पत्र वाचणारच, म्हणून तिलाच विचारते: वहिनी, खरंच करतो का गं?) आम्ही सगळे मजेत. फोनच करणार होते, पण हल्ली आमच्याकडे मागे इतकी खरखर चालू असते की परवा धाकट्या जावेला वाटलं, मी कुठल्या तरी वादळात सापडलेय. म्हणून हे पत्र.

माझा नाद तुला ठाऊकच आहे. टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्यावर बरोबरीच्या बायका विणकामाला लागल्या, मी व्हॉल्व्हच्या जुन्या रेडिओंना लागले. कुणाच्या माळ्यावरून आणला, कुणाच्या भंगारातून उचलला, एक तर चक्क कोंबड्यांच्या खुराड्यातून सोडवला. (स्पीकरच्या कापडामागे अंडं निघालं. आत कोण होतं ते आम्ही पाहिलं नाही.) मागच्या खोलीत पाय ठेवायला जागा उरली नाही, पण आमचे हे सोशिक. जेवणाच्या टेबलावर माझं सोल्डरिंग चालू असलं की मुकाट ताट उचलून जिन्यात जाऊन बसायचे.

अशात मामंजींचं येणं ठरलं. सासूबाई गेल्यापासून ते एकटेच राहतात, आणि कुणाकडे फार टिकत नाहीत. जन्मभर तुरुंगाधिकारी होते ना! कुणाच्याही घरी गेले की आधी खिडक्यांच्या कड्या तपासतात, मग घरच्यांच्या चुका काढतात, मग बॅग भरतात. पण या खेपेला गोष्ट वेगळी होती. ते जेवण टाळतात, अंगावरचे कपडे लोंबायला लागलेत, असं त्यांच्या शेजारणीनं कळवलं होतं. ह्यांनी मला एवढंच सांगितलं, "या वेळी बाबा राहिले पाहिजेत. पसारा दिसला तर राहणार नाहीत."

मग काय, सकाळपासून लपवालपवी. काही रेडिओ कपाटावर, काही गाद्यांमागे, एक धुण्याच्या टोपलीत चादरींखाली. सगळ्यात मोठा, पेटीएवढा, मामंजींच्याच पलंगाखाली सरकवला, कारण दुसरीकडे तो मावेना. आणि इथंच माशी शिंकली. आदल्या दिवशी तपासताना त्याचं बटण मी चालूच ठेवलं होतं, आवाज पार वर, आणि वायर पलंगामागच्या प्लगमध्ये तशीच राहिली होती.

मामंजी आले. कड्या तपासल्या. दोन घास चिवडून उठले आणि आडवे व्हायला गेले. पंख्याचं समजून त्यांनी भिंतीवरचं नेमकं त्या प्लगचं बटण दाबलं. आता व्हॉल्व्हचा रेडिओ म्हणजे जुन्या वळणाचा माणूस, हाक मारली की लगेच ओ देत नाही. आधी तापतो, मग बोलतो. त्यामुळे मामंजींचा डोळा लागतोय न लागतोय तोच पलंगाखालून एका भारदस्त पुरुषानं बोलायला सुरुवात केली.

आम्ही स्वयंपाकघरात चहा घेत होतो. मामंजींचा भिंती हलवणारा आवाज आला, "बाहेर ये." हे कपासकट धावले. मामंजी हातात काठी घेऊन पलंगावर उभे. आणि खालचा मनुष्य अजिबात न डगमगता त्यांना सांगत होता, "घाबरून जाऊ नका. आधी पाय कोमट पाण्यानं धुवून कोरडे करा." (गुरांच्या खुरांची निगा, असा कार्यक्रम चालू होता.) मी शपथेवर सांगते, मामंजींनी एकदा स्वतःच्या पायांकडे बघून घेतलं.

रेडिओ बाहेर ओढला गेला. कुणाचं हे, असं त्यांनी विचारताच ह्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. (इतक्या वर्षांच्या संसारात एवढ्या तत्परतेनं ह्यांनी काही केल्याचं मला स्मरत नाही.) मग घराची झडती झाली. नोकरीतला हात अजून गेलेला नाही रे. टोपलीतल्या चादरी त्यांनी एका झटक्यात उपसल्या. बाकीचे सगळे रेडिओ आणून त्या चालू रेडिओशेजारी भिंतीशी रांगेनं उभे केले आणि त्या रांगेच्या टोकाला, न सांगता, मीही उभी राहिले. हे त्यांच्या बॅगेकडे बघत होते. आता ती उचलली जाणार, हे आम्हा दोघांनाही कळून चुकलं होतं.

पण मामंजी त्या मोठ्या रेडिओसमोर खुर्ची ओढून बसले. खुरांचं संपून कसलंसं वाद्य लागलं होतं. त्यांनी लाकडावर तळवा ठेवला. ते गरम झालं होतं. माझ्याकडे न बघता म्हणाले, "तिकडे घर फार गप्प असतं गं."

मी चहा आणून ठेवला. तो पिऊन झाल्यावर त्यांनी विचारलं की आवाजात ही घुंई कसली आहे. कंडेन्सर वाळलाय, मी म्हटलं. "मग बदल की. बघत काय बसलीस?"

दादा, बॅग अजून माळ्यावर आहे. मामंजी रोज सकाळी दाढी करून कामावर आल्यासारखे टेबलाशी येतात. एका रेडिओच्या डायलची दोरी त्यांनी स्वतः ओवली. गोल बटण पुढे फिरवलं की काटा मागे जातो, आणि हेच बरोबर आहे असं त्यांचं म्हणणं आहे. स्क्रूंच्या डब्या बाजूला सारून तिथंच दोन्ही वेळा पोटभर जेवतात. ज्यांच्यासमोर हे कधी धड बसले नाहीत, त्यांच्यासाठी आता बॅटरी धरून उभे राहतात, ती वाकडी धरली म्हणून बोलणी खातात, आणि रात्री मला ती बोलणी कौतुकानं पुन्हा ऐकवतात. घर भरल्यासारखं वाटतं.

वहिनीला नमस्कार. मुलांना आशीर्वाद.

तुझी,
धाकटी

ता. क. मुख्य सांगायचं राहिलंच. आपल्या अण्णांचा तो डोळ्यासारख्या हिरव्या दिव्याचा रेडिओ तुझ्या कोठीत आहे ना? तो घ्यायला मामंजी स्वतः तुझ्याकडे यायला निघालेत. तुझी परवानगी मी केव्हाच घेतलीय, असं त्यांना सांगितलंय, तेवढी आता देऊन टाक. आणि जमलं तर त्यांना महिनाभर ठेवून घे. सोल्डरिंग आयर्न मला हाताळायला मिळत नाही. मला फक्त धूळ पुसायला देतात.

आणखी ता. क. महिनाभर नको. आत्ता ते तार आणायला कोपऱ्यावरच्या दुकानात गेलेत, तर हे दोनदा गॅलरीत डोकावून आले आणि तिसऱ्यांदा मी. चार दिवसांत परत पाठव. रेडिओ नाही पाठवलास तरी चालेल.